साथीला बास

१

दुपारी दोन ते पाच ही माझी वेळ. अकरा वर्षं झाली, तीच आहे. सकाळी सातला मी पाण्याचे मीटर वाचायला बाहेर पडतो. लोकांच्या जिन्याखाली, मोऱ्यांमागे, कुंड्यांच्या आड वाकून आकडे टिपायचे, काचेवरचा चिखल अंगठ्याने पुसायचा आणि पुढच्या इमारतीत शिरायचं. दीड वाजेपर्यंत पाय आणि कंबर दोघांनीही माझ्याशी अबोला धरलेला असतो. मग एखाद्या पायरीवर बसून डबा खायचा आणि दादाकडे जायचं.

दादा माझा सख्खा भाऊ नाही. आम्ही तिघं मिळून जॅझ वाजवायचो, त्यातला तो गिटारवाला, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. म्हणून दादा, आणि म्हणून त्याची बायको माझी वहिनी. त्या मला भावजी म्हणतात. दोन वाजता त्या चपला घालून दारातच उभ्या असतात, कारण अडीचला त्यांचा शिवणाचा वर्ग सुरू होतो.

"साडेतीनला कूस बदला. चारला औषध. आणि टॉवेल बघत राहा, घसरतो," हे त्या रोज सांगतात. मीही रोज पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान डोलावतो.

दादा खाटेवर असतो. अर्धांगाच्या झटक्यात त्याची उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि मान जी छातीवर पडली ती पडलीच. हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी लावून ती जराशी उचलून धरायची, म्हणजे श्वास नीट होतो. खाट दवाखान्यातली, लोखंडी, दोन्ही बाजूंना कठडे असलेली. मी खुर्ची ओढून उजव्या कठड्याशी बसतो. तीन तास आम्ही दोघं काहीही करत नाही. खरं सांगतो, कधीकधी मला ते तीन तास बरे वाटायचे, कारण तिथे माझ्याकडून कोणाची कसलीच अपेक्षा नव्हती.

गेल्या महिन्यात वहिनींनी औषधांच्या स्टुलावर सीडी लावायचं यंत्र आणून ठेवलं.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ओळखीचं काहीतरी कानावर पडू द्या," त्या म्हणाल्या. "रोज एकदा ही लावा, भावजी. शेवटचीच धून. बाकीची नकोत."

पाकीट उलटं होतं, तरी कोणती सीडी ते मला कळलं. अकरा वर्षांत मी ती एकदाही ऐकली नव्हती. नाही म्हणायला काहीतरी सबब हवी होती, पण दोन वाजून पाच मिनिटं झाली होती आणि वहिनी जिना उतरल्याही होत्या.

२

आमचं काम कसं चालायचं ते थोडक्यात सांगतो. दादाची गिटार, ड्रम्सवर पत्र्या आणि मी डबल बासवर, म्हणजे ते माणसाएवढं लाकडी धूड उभं धरून वाजवतात ते. पत्र्या हे टोपणनाव. पहिल्याच तालमीत त्याच्या झांजा ऐकून दादाने ठेवलं. मला तो खर्ज्या म्हणायचा. आधी तिघांनी मिळून धून वाजवायची आणि मग एकेकाने तिच्या सांगाड्यावर त्या क्षणी सुचेल ते वाजवायचं, तो त्याचा सोलो. चार मात्रांचं एक घर आणि बत्तीस घरांची एक फेरी, असा आमचा हिशेब. सोलो घेणाऱ्याने मनात येईल तितक्या फेऱ्या घ्याव्यात, बाकीच्यांनी साथ करावी. दादा मनसोक्त फिरून यायचा. मी खालून चालायचो, मात्रेला एक सूर, घरामागून घर. बासचा सोलो कोणी ऐकत नाही. तेवढ्यात लोक पाणी प्यायला उठतात.

माझ्या वाद्याच्या नावावर इतक्या कोट्या झाल्या की त्या ऐकूनच मी म्हातारा झालो. दादाने मात्र त्यातून चक्क एक खूण काढली होती. स्वतःचा सोलो संपवायचा झाला की मान खाली घालून तो म्हणायचा, "बास." म्हणजे माझं पुरे झालं, आणि म्हणजे आता बासने घ्यावं. एका शब्दात दोन्ही कामं उरकतात याचा त्याला कोण अभिमान होता.

सीडीवरच्या शेवटच्या धुनेत तो शब्द ऐकू येतो. धून चार मिनिटं बावन्न सेकंदांची आहे. सुरुवातीला एक फेरी तिघांची, मग तीन फेऱ्या दादाच्या, मग गिटारच्या पाठीमागून दबका "बास", आणि मग माझ्या दोन. पुढे धून पुन्हा यायला हवी, ती येत नाही. आवाज हळूहळू उतरवत नेलाय, कारण पुढे वाजवायला दादा नव्हता. माझा सोलो संपला आणि पाठोपाठ त्याला झटका आला, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं.

सीडी निघाल्यावर कुणीतरी लिहिलं होतं की गिटारवादकाने मागे एकही सूर न भरता बासला मोकळं रान दिलं, अशी दिलदारी विरळा. ते कात्रण मला चौघांनी पाठवलं. त्याच आठवड्यात मी माझा बास एका शाळेला देऊन टाकला.

३

पहिले तीन दिवस मी यंत्राचं बटण दाबून स्वयंपाकघरात जाऊन उभा राहायचो आणि नळ सोडायचो. चौथ्या दिवशी पाणी गेलेलं होतं. त्यामुळे बसून ऐकावं लागलं.

बासवाला ऐकताना मोजतोच, त्याला इलाज नाही. धुनेची एक फेरी झाली. दादाची एक, दोन, तीन. मी खुर्चीचे हात घट्ट धरून "बास"ची वाट बघत होतो. तो आला नाही. दादा वाजवत राहिला, आणखी बत्तीस घरं. मग "बास" आला, मग माझी एकच फेरी, आणि आवाज उतरत गेला. यंत्रावरचा आकडा चार बावन्नवर थांबला.

डुलकी लागली असणार, असं मी ठरवलं. सकाळपासून सतरा जिने झाले होते. पण मी आकड्यांवर जगणारा माणूस आहे. मीटर चुकीचा वाटला की काच पुसून पुन्हा वाचायचा, ही सवय हाडात मुरलेली. दुसऱ्या दिवशी औषधाच्या खोक्यावर मी प्रत्येक फेरीला पेन्सिलीने एक रेघ मारली. दादाच्या रेघा चार झाल्या.

वाटलं, सीडी कुठेतरी अडकून तोच भाग परत वाजवते. पण चौथी फेरी परत वाजलेली नव्हती, ती नवीन होती. तिच्यात एक जागा होती, वरून खाली येता येता मध्येच अडखळल्यासारखी करून दुसऱ्याच सुरावर उतरायची. दादा शेवटच्या वर्षात ती जागा शोधत होता आणि तालमीत दरवेळी तिथेच आपटायचा. इथे ती त्याला साधली होती. आणि खाली साथीला मी होतो. तो अडखळतो तिथे मी अर्धी मात्रा थांबून त्याला वाट दिली होती. हात माझाच होता. मी ते कधीही वाजवलेलं नव्हतं.

साडेतीनला मी त्याची कूस बदलली. टॉवेलची गुंडाळी गादीवर पडलेली होती. ती उचलून परत लावायला गेलो तर हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये माझं एक बोट जाईल एवढी जागा होती. टॉवेलशिवाय.

४

आठवड्याभराने दादाच्या फेऱ्या पाच झाल्या. माझा सोलो उरलाच नाही. "बास" अगदी शेवटी आला आणि त्या शब्दासकट आवाज विरून गेला.

भीती नंतर वाटली. आधी मला राग आला, हे कबूल करतो. आयुष्यभर मी या माणसाच्या खालून चाललो. माझं म्हणावं असं जगात काही असेल तर त्या दोन फेऱ्या, आणि त्याही त्याने आता परत घेतल्या. ज्याला घोटभर पाणीसुद्धा मी चमच्याने पाजतो, त्या माणसावर मी चार-दोन मिनिटं मनापासून चिडून बसलो होतो. मग लाज वाटली.

बोटं त्याच सुमाराला दुखायला लागली. आधी उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांच्या कडेला लाली आली, मग पाण्याचे फोड. डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर आडव्या खाचा पडल्या. आंघोळ करताना ती चुरचुरायची. रात्रभर पुरेशी झोप होऊनही सकाळी खांद्यात असा शीण असायचा की मीटरचं झाकण उचलताना तोंडातून आवाज निघायचा. माझं वय झालं, दुसरं काय, असं मी बायकोला सांगितलं. तिला ते लगेच पटलं.

"भावजी, मान जरा हलकी वाटते का हो त्यांची?" एके दिवशी परत आल्यावर वहिनींनी विचारलं.

"मलाही तसं वाटतंय," मी म्हटलं.

"सीडीचा गुण आहे." त्या त्याचा शर्ट सारखा करत होत्या. "तुम्ही होतात म्हणून एवढे तरी आहेत. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, अशात पहिली मिनिटंच महत्त्वाची. तुम्ही तर त्यांना लगेच आणलंत."

"लगेच," मी म्हटलं आणि चपला शोधायला लागलो. त्या पायांतच होत्या.

५

पत्र्याची आता लाँड्री आहे. चार मोठी धुलाई यंत्रं आहेत आणि "ड्रम मी सोडलेले नाहीत, फक्त आता आत कपडे असतात" हे वाक्य तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो. रविवारी सकाळी मी वहिनींना न सांगता उचललेली सीडी खिशात घालून त्याच्याकडे गेलो.

"ही लाव आणि फेऱ्या मोज. मोठ्याने," मी सांगितलं.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे ना, खर्ज्या?" असं म्हणत त्याने धुलाईची यंत्रं बंद केली आणि गल्ल्याजवळच्या सीडीच्या यंत्रात ती लावली. दोन्ही हातांची बोटं गल्ल्यावर ताल धरायला लागली. "ही धून. आता दादा. एक." मग बराच वेळ त्याने डोळे मिटून घेतले. "दोन." आणि मग, "तीन. हा बघ, बास म्हणाला. आता तू."

मला दादा ऐकू येत होता. चौथी फेरी सुरू झाली होती आणि ती त्या अडखळत्या जागेकडे चालली होती.

"काय वाजवलायस रे," पत्र्या म्हणाला आणि गुणगुणायला लागला. तो माझा सोलो गुणगुणत होता. एकही सूर चुकत नव्हता. त्याच्या तोंडून माझा सोलो आणि यंत्रातून दादाची गिटार, दोन्ही एकाच वेळी. चार बावन्नला तो थांबला. "तीन त्याच्या, दोन तुझ्या. किती असायला हव्या होत्या?"

"एवढ्याच," मी म्हटलं.

त्याने यंत्रं पुन्हा सुरू केली, पण लगेच कामाला लागला नाही. एक ओली चादर हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"माझ्यासमोर झांज होती," तो म्हणाला. "मला त्या दिवशी दादा दिसतच नव्हता. नाहीतर मी थांबलो असतो. तुझ्या तर समोर होता. तुला काहीच वाटलं नाही?"

"मान खाली घालून बसला होता. नेहमीसारखा."

"हं." त्याची नजर माझ्या हातांवर गेली. "आणि बोटांना काय झालं? परत वाजवतोस की काय?"

"मीटरची झाकणं. घट्ट बसलेली असतात."

"झाकणांनी असं होत नाही," पत्र्या म्हणाला. "वीस वर्षं बघितलीत मी ही बोटं. रोज आठ-दहा तास वाजवलंस तर असं होतं."

मी सीडी काढून घेतली. ती मोडून रस्त्यावरच्या पेटीत टाकावी असं येताना दोनदा मनात आलं. पण वहिनी म्हणाल्या होत्या की मान हलकी झालीय.

६

मंगळवारी "बास" आलाच नाही.

पाच फेऱ्या झाल्या, आवाज उतरायला हवा होता. तो उतरला नाही. यंत्रावरचा आकडा चार एक्कावन्नवर येऊन उभा राहिला आणि दादा सहाव्या फेरीत शिरला. मग सातव्या. भिंतीवरचं घड्याळ नीट चालू होतं. पावणेतीन झाले, तीन झाले. खोक्यावरच्या रेघा एकोणतीस झाल्या तेव्हा पेन्सिल ठेवून दिली. वाजवणं काय होतं म्हणून सांगू. तो कुठेही घाईत नव्हता, काही परत सांगत नव्हता. अकरा वर्षं बोलता न आलेला माणूस बोलत होता. आणि खालून मी चालत होतो, मात्रेला एक सूर. तो बास ऐकून कोणीही सांगितलं असतं की वाजवणारा दमलाय.

माझा उजवा हात मांडीवर आपोआप हलत होता.

आता जे सांगतो ते मी तोवर कोणालाही सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी स्टुडिओत दादाने तीन फेऱ्या वाजवल्या, मान खाली गेली आणि तो म्हणाला, "बास." खुणेचा बास तो ओढून, खुशीत म्हणायचा. हा तुटका होता, दम लागलेल्या माणसाचा. तरी मी सोलो घेतला, कारण बासवाल्याला बास ऐकू आला की तो दुसरा अर्थ लावतच नाही. तिथपर्यंत चूक होती. पहिल्या फेरीच्या शेवटी मी वर पाहिलं. गिटार छेडायची नखी फरशीवर पडली होती. दादाचा उजवा हात मांडीवरून खाली लोंबत होता आणि ओठाच्या कडेला लाळ होती. मला कळलं. आणि माझा हात सुटला होता, असा की आधी कधी सुटला नव्हता, आणि काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट डोळे विस्फारून माझ्याकडे, माझ्याकडे बघत होता. मी मनाशी म्हटलं, एक फेरी. अठ्ठेचाळीस सेकंद. मग मी डोळे मिटून घेतले.

हेच सगळं मी मंगळवारी दादाला मोठ्याने सांगितलं. गिटार चालूच होती. सांगून झाल्यावर मी म्हटलं, "दादा, चुकलो रे. आता बास कर."

मग मी बटण दाबून यंत्र बंद केलं.

खोली शांत झाली. नळाचं ठिबकणं ऐकू आलं. एवढंच ऐकू येतंय हे लक्षात यायला मला थोडा वेळ लागला, कारण दादाचा श्वास ऐकू येत नव्हता. छाती हलत नव्हती. मान खाली, पार छातीवर गेली होती. मी त्याला हाका मारल्या, गाल चापटले, यंत्राचं बटण दाबलं. ते लागेना. वायर ओढली, परत खोचली, काही नाही. दाराकडे धावायचं होतं. मी कठडा धरून उठायला गेलो आणि माझी बोटं कठड्यावर पडली. एक, दोन, तीन, चार. मी मुद्दाम केलं नाही. बोटांनी केलं. पाचव्या मात्रेला त्याने श्वास घेतला.

मी बोटं थांबवली. श्वास थांबला. सुरू केली, तोही सुरू झाला.

मी खुर्चीत बसलो आणि लोखंडावर चालायला लागलो. यंत्र बंद होतं. गिटार कुठेही नव्हती. दादाची मान हळूहळू वर येत होती.

७

पाच वाजता वहिनी आल्या. कुलूप उघडल्याचा, पिशवी ठेवल्याचा, चपला काढल्याचा आवाज आला. नेहमी त्या आधी स्वयंपाकघरात जातात. आज थेट आत आल्या.

दादा उशीला टेकून सरळ बसल्यासारखा होता. मान ताठ, हनुवटी वर. टॉवेल पायाशी पडला होता. अकरा वर्षांत मी त्याचे डोळे एवढे उघडे पाहिले नव्हते. ते माझ्यावर होते. नवऱ्याला असं बघून बाई रडेल, देवाचं नाव घेईल, असं मला वाटलं होतं. वहिनींनी फक्त पदराने तोंड पुसलं.

"आज पूर्ण वर आली," त्या म्हणाल्या.

"वहिनी, मला तुम्हाला एक सांगायचंय." माझी बोटं कठड्यावर चालूच होती. फोड फुटले होते आणि लोखंड निसरडं झालं होतं. "त्या दिवशी स्टुडिओत..."

"शहाण्णव सेकंद," वहिनी म्हणाल्या.

मी कठड्याकडे बघत बोटं चालवत राहिलो.

"मी गेल्या वर्षी ऐकली ती सीडी. तोवर धीर होत नव्हता." त्या खाटेच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. "जेवताना मी वाढत राहिले की ते तस्सं म्हणायचे, बास. तीस वर्षं ऐकलाय मी तो आवाज. मला नाही कळणार? ते तुम्हाला काही देत नव्हते, भावजी. पुरे म्हणत होते. थांबवा म्हणत होते. मग मी घड्याळ लावून बसले आणि त्यानंतर तुम्ही किती वाजवलं ते बघितलं. पहिली फेरी मी तुम्हाला सोडली. दुसरीत तुमचा हात क्षणभर थांबतो. ऐकलंय का तुम्ही? थांबतो, आणि परत सुरू होतो."

"मग बोलला का नाहीत? मला येऊ कसं दिलंत?"

"आणि कूस कोणी बदलली असती?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "भांडायला पण अंगात जोर लागतो. मला तो नव्हता."

त्यांनी त्यांच्या बाजूच्या कठड्यावर हात ठेवला. त्या बाजूला मी कधीच बसत नाही. ती वहिनींची बाजू, रात्री त्यांची गादी तिकडे असते. कठड्याचा पांढरा रंग एका जागी पार उडाला होता. चार बोटांच्या रुंदीएवढी जागा, खालचं लोखंड घासून घासून चकचकीत झालेलं. वहिनींनी त्यावर बोटं टेकली, माझ्या चालीशी दोन मात्रा बरोबर मारल्या, मग उचलली आणि दुसऱ्या हाताने चोळत उभ्या राहिल्या. शिवणाऱ्या बायकांच्या बोटांना घट्टे असतातच, असं मी इतकी वर्षं समजत आलो होतो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मला झोपायचंय आज," वहिनी म्हणाल्या. "सलग. मधे उठून बघावं न लागता."

"वहिनी, मी सकाळपासून चालतोय. माझी बोटं बघा. मला नाही जमणार हे."

त्यांनी वाकून बघितली. जवळचा ओला फडका घेऊन माझ्या बोटांखालचा कठडा पुसला, बोटं चालू ठेवूनच, एकेका बोटाच्या मधून. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. अकरा वर्षांत त्यांनी तसा तो कधी ठेवला नव्हता.

"दुखतं, मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण भावजी, मी म्हटलं का कधी बास?"

त्या आतल्या खोलीत गेल्या. दार लोटलं गेलं, पलंग करकरला, आणि थोड्याच वेळात त्यांचं घोरणं ऐकू यायला लागलं. दादाने हनुवटी आणखी थोडी वर उचलली. मी पुढच्या घरात शिरलो.